मागील बाकी

आमच्या घरी दिवाळी नसे, पण दिवाळीचा फराळ मात्र भरपूर असे. नगरला (आता त्याचे नाव अहिल्यानगर झाले आहे, पण आमच्या पिढीच्या तोंडी अजून नगरच बसले आहे) आमचे घर ज्या गल्लीत होते, तिथे ख्रिस्ती घरे अवघी चार. वसुबारसेपासून भाऊबिजेपर्यंत विणलेल्या रुमालाखाली झाकलेली ताटे आमच्या घरी येत. ताट रिकामे परत पाठवू नये म्हणून आई त्यात मूठभर साखर घाली. आणि मग नाताळात आमच्या करंज्या, अनारसे, शंकरपाळे तशाच ताटांतून, तशाच रुमालांखाली उलट दिशेने जात. माझ्या धाकट्या भावाचा कित्येक वर्षे असा समज होता की, नाताळ म्हणजे दिवाळीची परतफेड!

दिवाळीतला माझा सर्वांत आवडता दिवस म्हणजे लक्ष्मीपूजनाचा. त्या संध्याकाळी कोपऱ्यावरच्या शेठजींच्या किराणा दुकानात वहीपूजन होई. पोती मागे सारलेली, तराजूची पारडी चिंचेने घासून लख्ख केलेली, आणि मधोमध पाटावर लाल कापडी पुठ्ठ्याच्या नव्या कोऱ्या वह्या मांडलेल्या. पहिल्या पानावर कुंकवाचे स्वस्तिक आणि ‘श्री’. वर विड्याचे पान, सुपारी, एक चांदीचा रुपया. आम्हां मुलांचे सारे लक्ष साळीच्या लाह्यांकडे आणि बत्ताशांकडे असे, हे सांगायला नकोच. शेठजी आम्हां दोघा भावांच्या ओंजळीत इतर मुलांइतक्याच लाह्या घालीत; एक दाणा कमी नाही की जास्त नाही. कोणाचा देव कोणता, हा हिशेब त्यांच्या वहीत नव्हता.

एका पाडव्याला मी काही आणायला दुकानात गेलो होतो. मुनीमजी जुन्या वहीतली खाती नव्या वहीत उतरवून घेत होते. मी नुकताच भराभर वाचू लागलो होतो, त्यामुळे दिसेल ते वाचण्याची खोड होती. त्या पिवळसर पानावर मला आमच्या बाबांचे नाव दिसले आणि त्याखाली लिहिलेले दिसले: ‘मागील बाकी, रुपये 41’. मला इतकी शरम वाटली म्हणून सांगू! काल ज्या वहीची पूजा झाली, जिच्यापुढे मी लाह्या खाल्ल्या, तिच्यात आम्ही देणेकरी म्हणून बसलो होतो. धावत घरी जाऊन मी बाबांना ते सांगितले. ते दाढी करीत होते. आरशातूनच माझ्याकडे बघत म्हणाले, “अरे, बाकी आहे म्हणजे शेठजींचा आपल्यावर भरवसा आहे. ज्याचा भरवसा नाही, त्याचं वहीत पानच नसतं.”

बाबा मिशनच्या शाळेत शिक्षक होते. अमेरिकन मराठी मिशनने नगरला 1831 साली बस्तान बसवले, तेव्हापासून शाळा, देऊळ आणि छापखाना या तीन गोष्टी आमच्या समाजाच्या अंगवळणी पडल्या. ‘ज्ञानोदय’ हे पत्र 1842 साली नगरलाच सुरू झाले, याचा बाबांना असा अभिमान होता, की जणू पहिल्या अंकाची मुद्रिते त्यांनीच तपासली होती. पगार बेताचा. पहिल्या तारखेला तो हातात पडला, की ते घरी येण्याआधी दुकानात जात, शेठजींच्या वहीत रक्कम जमा करवीत आणि मग उरलेले पैसे आईच्या हातावर ठेवीत. आई ते मोजून एकदा छताकडे पाही. ती प्रार्थना होती की तक्रार, हे मला अजून कळलेले नाही.

एकदा असे झाले, की महिनाअखेरीस हिशेब पाहताना बाबांच्या लक्षात आले, शेठजींनी एक किलो गोडेतेल लिहायचे राहूनच गेले आहे. त्यांनी मला परत दुकानात पाठवले. मी तेव्हा बारा वर्षांचा. जगाचे शहाणपण आलेले. म्हटले, “बाबा, ते डाळ मापताना पारडं बोटानं दाबतात, हे सगळ्या गल्लीला ठाऊक आहे. एक किलो तेल त्यात वळतं झालं असं समजा की!” बाबा म्हणाले, “त्यांच्या पारड्याचा जाब त्यांना द्यायचा आहे. माझ्याजवळ मागायला येतील, तेव्हा मी तेलाचं काय सांगू?” मला जावे लागले. शेठजींनी चष्मा कपाळावर चढवला, माझ्याकडे पाहिले, तेल लिहिले आणि बरणीतून काढून एक लिमलेटची गोळी दिली. मी मात्र घरी जाईपर्यंत चोळंबत राहिलो, की ही गोळी घेतल्याचे सांगावे की न सांगावे!

बाबांच्या श्रद्धेचे स्वरूप हे असे होते. ते देवाधर्माविषयी फार बोलत नसत. पण प्रभूने शिकवलेल्या प्रार्थनेतल्या एका शब्दाविषयी मात्र ते आम्हांला पुन्हापुन्हा सांगत. तो शब्द म्हणजे ‘ऋण’. देवाने आमच्यावर दया करावी, असे त्या प्रार्थनेत मागितले आहे, पण मराठीत मत्तयाच्या पुस्तकात तिथे पाप हा शब्द नाही, अपराध हाही नाही, ऋण आहे. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थही देणे, कर्ज असाच आहे; आणि येशू जी अरामी भाषा बोले, तिच्यात पाप आणि कर्ज या दोहोंसाठी एकच शब्द चाले. बाबा म्हणत, “पाप म्हटलं की माणूस वर आभाळाकडे पाहतो. ऋण म्हटलं की त्याला शेजारी आठवतो.” देव आम्हांला ऋणमुक्त करील तो आम्ही आमच्या ऋणकोंना सोडू त्या मापाने, अशी त्या मागण्याला अट जोडलेली आहे. जगात कर्जमाफीचे अर्ज पुष्कळ होत असतील. पण अर्जदाराने स्वतःच्याच हाताने अशी अवघड अट घातलेला दुसरा अर्ज माझ्या पाहण्यात नाही. आणि मी तर पुढे जन्मभर कर्जाचे अर्जच पाहिले!

1972 साल उजाडले. त्या वर्षीचा दुष्काळ ज्यांनी नगर जिल्ह्यात पाहिला, त्यांना वर्णन नको. ज्यांनी पाहिला नाही, त्यांना वर्णनाने कळायचा नाही. विहिरींचे तळ दिसू लागले. रेशनला लाल मिलो आली. तिच्या भाकरीला हात लावला की तुकडे पडत. चांगल्या घरची माणसे सरकारी कामावर खडी फोडायला बसली. त्यांतच बाबांच्या एका जुन्या सोबत्याचे कुटुंब होते. हा मनुष्य जवळच्या खेड्यातला, थोड्या शेतीचा धनी. दोन वर्षांपूर्वी मोटेच्या बैलासाठी त्याने बाबांकडून तीनशे रुपये नेले होते आणि आग्रहाने चिठ्ठी लिहून दिली होती. एका संध्याकाळी तो आमच्या ओट्यावर येऊन बसला. बैल छावणीत मेला होता. खडी फोडून त्याच्या बोटांना चिंध्या गुंडाळलेल्या होत्या. तो पैसे मागायला आला नव्हता. मुदत मागायला आला होता. बाबा आत गेले, पेटीतून ती चिठ्ठी काढली, बाहेर येऊन त्याच्यासमोर तिचे चार तुकडे केले आणि म्हणाले, “मुदत कशाला? हे संपलं.”

त्या माणसाने बाबांचे पाय धरले. मी दारात उभा होतो. माझी छाती भरून आली. मनात आले, आपले बाबा म्हणजे शास्त्रातून उठून आलेले कोणी आहेत!

मग मी स्वयंपाकघरात गेलो. आई चुलीपुढे बसली होती. तिने मागे वळून पाहिले नाही. रात्री आम्ही झोपलो आहोत असे समजून ती बाबांना म्हणाली, “अहो, त्यातले दोनशे माझ्या शिवणाचे होते. चार वर्षं दुसऱ्यांचे कपडे शिवून साठवलेले. मला विचारलंत तरी असतं! मी नाही म्हटलं नसतं. पण विचारायचं होतं.” बाबा बराच वेळ गप्प होते. नंतर एवढेच म्हणाले, “चुकलं माझं.” त्यावर आईने जे वाक्य उच्चारले, ते आज पन्नास वर्षांहून अधिक काळ माझ्या कानांत आहे. ती म्हणाली, “तुमच्या दिव्याला तेल नेहमी माझ्या कढईतलं लागतं.”

आमच्या घरी दोन दैवते होती असे आम्ही भावंडे थट्टेने म्हणत असू. बाबांचे दैवत रेव्हरंड टिळक, आणि आईचे लक्ष्मीबाई! टिळक नगरला बरीच वर्षे राहिलेले. त्यांच्या आठवणी सांगणारी म्हातारी माणसे बाबांनी पाहिली होती. 1895 साली बाप्तिस्मा घेतलेला हा कवी तुकोबांना जन्मभर विसरला नाही. तुकारामाच्या पुलावरूनच आपण ख्रिस्ताकडे आलो, अशा अर्थाचे तो सांगे. त्यामुळे बाबांच्या टेबलावर बायबल आणि तुकारामाची गाथा शेजारी शेजारी असत. आईच्या उशाला मात्र ‘स्मृतिचित्रे’. टिळकांनी कोणाला काय देऊन टाकले हे बाबा सांगू लागले, की आई हळूच म्हणे, “आणि त्या रात्री घरात काय शिजलं, ते लक्ष्मीबाईंनी लिहिलंय.” बाबा हसत. आईही हसे. पण तिच्या हसण्यात थोडी मागील बाकी असे.

मी मोठा झालो. एका बँकेत कारकून म्हणून लागलो आणि 2018 साली निवृत्त होईपर्यंत माणसांची येणी-देणी लिहीत बसलो. कर्ज घेताना माणसाचा चेहरा कसा असतो, फेडताना कसा असतो आणि चुकवताना कसा असतो, हे मला आता लांबून ओळखता येते. निदान तशी माझी समजूत होती. स्वतःच्या भावाचा चेहरा मात्र मला ओळखता आला नाही.

धाकट्याने 2006 साली टेम्पोसाठी एका पतसंस्थेतून कर्ज काढले. मी जामीन राहिलो. भावाला जामीन राहायचे नाही, तर कोणाला? दोन वर्षांत त्याचा धंदा बसला. हप्ते थांबले. तो मला म्हणाला असता, की “दादा, बुडालो”, तरी मी काही केले असते. पण तो आमच्या घरी यायचाच थांबला. पतसंस्थेचा कागद माझ्या कचेरीत आला. ज्या टेबलावर मी थकबाकीदारांच्या याद्या करीत असे, त्याच टेबलावर माझ्या नावाचा कागद! माझ्या पगारातून दरमहा 3,000 रुपये कापले जाऊ लागले. असे 38 महिने कापले गेले. तेवढ्यानेही भागेना, तेव्हा 2010 साली हिने आपल्या चार तोळ्यांच्या पाटल्या मोडल्या आणि 70,000 रुपये भरले. मी तिला कारण विचारले नाही, तिने मला उपदेश केला नाही. एकूण 1,84,000 रुपये. मी एका चौकोनी वहीत सारे लिहून ठेवले. तारीखवार. बँकेतला माणूस, व्याजही लावीत गेलो.

अकरा वर्षे आम्ही दोघे भाऊ एकमेकांशी बोललो नाही. आणि गंमत, किंवा दुर्दैव म्हणा, अशी की दर रविवारी आम्ही एकाच देवळात, तीन बाकांच्या अंतरावर उभे राहून तीच प्रार्थना म्हणत होतो. ऋणाचे ते मागणे आले, की माझा आवाज थोडा खाली जाई. त्याचाही जात असावा. शेकडो लोकांच्या आवाजात आमचे दोन आवाज बुडाले, तर कोणाच्या लक्षात येणार? उपासना संपली की तो डाव्या दाराने बाहेर पडे, मी उजव्या. आई होती तोवर ती मध्ये उभी राहून दोन्ही दारांकडे पाही. 2013 साली तीही गेली. तिच्या मातीला आम्ही दोघांनी खांदा दिला. तेही न बोलता.

निवृत्तीनंतर पाळकसाहेबांनी माझ्या गळ्यात शब्बाथशाळेचा एक वर्ग घातला. आठ-दहा वर्षांची मुले. त्यांत एक चुणचुणीत मुलगी होती, धाकट्याची नात. नात्याने मी तिचा आजोबा. ती मला ‘सर’ म्हणे. तिला घरी काय सांगितले होते कोण जाणे. मीही काही सांगितले नाही.

एका रविवारी मी मुलांना त्या निर्दय चाकराची गोष्ट सांगत होतो. राजाने ज्याचे दहा हजार तालांतांचे प्रचंड कर्ज माफ केले, आणि ज्याने बाहेर पडताच शंभर दीनारांसाठी आपल्या सोबत्याचा गळा धरला, त्या चाकराची. हिशेब हा माझा हातखंडा. मी फळ्यावर मांडून दाखवले: एक दीनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी, एक तालांत म्हणजे 6,000 दीनार, तेव्हा दहा हजार तालांत म्हणजे 6 कोटी दिवसांची मजुरी! एकही सुट्टी न घेता राबले, तरी दीड लाखाहून अधिक वर्षे लागतील. मुलांनी आ वासला. मी विजयी मुद्रेने म्हटले, “आणि याच्यापुढे ते शंभर दीनार म्हणजे काय? काहीच नाही!”

ती मुलगी उभी राहिली. “सर, शंभर दीनार म्हणजे शंभर दिवसांची मजुरी ना?”

“हो.”

“म्हणजे तीन महिन्यांच्या वर. मग काहीच नाही कसं? माझे पप्पा तीन महिने घरी बसले, तर आमच्याकडे जेवायला नसेल.”

मी खडू खाली ठेवला. इतकी वर्षे ही गोष्ट मी ऐकली होती, सांगितली होती. आणि ते शंभर दीनार नेहमी चिल्लर समजून बाजूला सारले होते. पण गोष्ट सांगणाऱ्याने रक्कम काही उगाच निवडली नव्हती. शंभर दिवसांची मजुरी गरिबाला खरोखरच मोठी असते. ती सोडणे कठीणच असते. कठीण नसते, तर गोष्ट कशाला सांगायची? माझे 1,84,000 ही खरेच होते. ते काहीच नाहीत, असे स्वतःला समजावण्याचा मी अकरा वर्षे प्रयत्न करीत होतो आणि ते जमत नव्हते म्हणून स्वतःवर आणि भावावर चिडत होतो. त्या पोरीने मला निदान एवढी मोकळीक दिली, की हो, रक्कम मोठी आहे, आता बोला!

घरी आलो तो ती चौकोनी वही कपाटातून काढूनच. म्हटले, आज ही फाडायची. बाबांनी चिठ्ठी फाडली तशी. हात पानाला लागला आणि चुलीपुढे पाठमोरी बसलेली आई आठवली. मी वही घेऊन स्वयंपाकघरात गेलो आणि हिला म्हटले, “धाकट्याचं सारं सोडून द्यावं म्हणतो. तुला काय वाटतं?”

ती भाजी निवडत होती. निवडता निवडताच म्हणाली, “सारं कसं सोडाल? त्यातलं सारं तुमचं कुठं आहे? सत्तर हजार माझ्या पाटल्यांचे. तुमचे तुम्ही सोडा. माझे मी बघीन.”

“म्हणजे तू सोडणार नाहीस?”

“मी तसं कुठं म्हटलं? पण मला त्याच्याकडून ते घ्यायचे आहेत. अहो, जक्कय उंबराच्या झाडावरून उतरला तेव्हा त्यानं आधी काय केलं? ज्याचं घेतलं त्याला चौपट परत देईन म्हणाला. त्याला कुणी ‘राहू दे, राहू दे’ म्हटलं नाही. भाऊजींना एकदा काहीतरी परत देऊ द्या. नाहीतर ते या घराची पायरी कधी चढायचे नाहीत.”

मला एकदम तुकोबा आठवले. त्यांच्या घरी सावकारी होती. दुष्काळाने आणि घरातल्या मृत्यूंनी मन विटले, तेव्हा त्यांनी लोकांची कर्जखते इंद्रायणीत बुडवली, ही कथा कोणाला ठाऊक नाही? पण चरित्रकार तिचा अर्धा भाग आणखी सांगतात, तो आपण विसरतो. बुडवण्याआधी तुकोबांनी खतांच्या दोन वाटण्या केल्या. धाकट्या भावाची, कान्होबाची वाटणी त्याच्या हवाली केली आणि फक्त आपली वाटणी नदीत सोडली. दुसऱ्याच्या हक्काचे देऊन आपण उदार होऊ नये, एवढा व्यवहार त्या विरक्त माणसालाही कळत होता. बाबांच्या टेबलावर गाथा होती. पण कथेचा हा अर्धा भाग त्यांच्या घरात आईलाच अधिक कळला होता असे वाटते.

2019 सालच्या पाडव्याला आम्ही दोघे धाकट्याच्या घरी गेलो. तो दारातच उभा राहिला. किती म्हातारा झाला होता! मी काही भाषण ठरवून गेलो होतो, ते सारे विसरलो. म्हटले, “माझे एक लाख चौदा हजार संपले. आजपासून तुझ्या नावावर माझं काही नाही.” वहीतली माझी पाने मी त्याच्यासमोर फाडली. त्याने माझ्याकडे पाहिले नाही, हिच्याकडे पाहिले. ही म्हणाली, “भाऊजी, माझे सत्तर आहेत. महिन्याला दोन हजार द्या. जमेल ना?” तो म्हणाला, “जमेल वहिनी.” आणि मग तोंडावर हात घेऊन रडू लागला. माझ्या उदारपणाने त्याला रडू आले नव्हते. कोणीतरी त्याच्याकडे पुन्हा काही मागत होते, म्हणून ते आले होते. कोणाला तरी त्याचा पुन्हा भरवसा वाटत होता. बाबांचे आरशातले वाक्य मला तेव्हा आठवले.

नोव्हेंबरपासून तो दर पहिल्या तारखेला येऊ लागला. सुरुवातीला उंबऱ्याबाहेरूनच पैसे देई. ही मोजून घेई आणि पावती लिहून देई. चौथ्या महिन्यात हिने चहा पुढे केला, तो त्याने उभ्यानेच घेतला. पाठोपाठ 2020 चा मार्च आला, टाळेबंदी झाली. टेम्पो जागच्या जागी उभा. तीन महिने तो आला नाही. चौथ्या महिन्यात मान खाली घालून आला, तेव्हा ही म्हणाली, “असू द्या. बाकी पुढे ओढू.” त्या दिवशी तो प्रथम आत येऊन पाटावर बसला आणि आम्ही दोघे भाऊ आईविषयी बोललो. त्यानंतर केव्हा कोण जाणे, ती चुणचुणीत मुलगी मला आजोबा म्हणू लागली. वर्गात मात्र अजूनही सरच! तेवढी शिस्त तिच्यात आहे.

पस्तिसावा, म्हणजे शेवटचा हप्ता 1 डिसेंबर 2022 रोजी आला. हिने शेवटची पावती लिहिली. धाकटा म्हणाला, “वहिनी, फिटलं ना सारं?” ती म्हणाली, “फिटलं भाऊजी. नाताळला सगळी इकडेच या.” तो गेल्यावर मी, जन्माचा कारकून, सहज मनाशी आकडेमोड करू लागलो. चार तोळ्यांच्या पाटल्यांचे जे पैसे आले होते, त्यांत आता दीड तोळाही सोने येत नव्हते. मी हिला म्हटले, “अगं, तुझं निम्म्याहून अधिक बुडालं की!”

“बुडालं नाही,” ती म्हणाली. “ते मी सोडलं.”

“केव्हा?”

“तुम्ही वही घेऊन स्वयंपाकघरात आलात, आणि विचारलंत, तेव्हाच.”

मी माझी पाने फाडली होती ती दारात उभे राहून, चारचौघांसमोर. माझ्यापेक्षा कितीतरी मोठी रक्कम हिने भाजी निवडता निवडता सोडली होती, आणि ती कोणत्याही वहीत लिहिलेली नव्हती. आमच्या धर्मात संतांच्या गोष्टी पुष्कळ आहेत. त्या बहुतेक रस्त्यावर, डोंगरावर, सिंहांच्या गुहेत घडतात. स्वयंपाकघरात घडलेल्या गोष्टी लिहायला लक्ष्मीबाई लागतात.

गेल्या दिवाळीत मी लक्ष्मीपूजनाला शेठजींच्या दुकानात गेलो होतो. आता तिथे त्यांचा नातू बसतो. हिशेब सारा संगणकावर. त्या संगणकालाच हळदकुंकू लावले होते, पडद्यावर फूल ठेवले होते. पण शेजारी पाटावर एक लाल पुठ्ठ्याची कोरी वही होती. “हिच्यात आता काय लिहिता?” मी विचारले. तो हसून म्हणाला, “काही नाही काका. आजोबांची पद्धत म्हणून फक्त ‘श्री’ काढतो.” त्याने माझ्या ओंजळीत लाह्या आणि बत्तासे घातले. सत्तरीकडे झुकलेला मी रस्त्यात उभा राहून ते खात होतो.

त्या कोऱ्या वहीत माझे एक खाते उघडावे, असे मला वाटून गेले. आईचे दोनशे रुपये. शिवणाचे. त्या रात्री अंथरुणात जागा राहून मी सारे ऐकले होते. आणि सकाळी उठून बाबांच्याच थोरवीची गोष्ट शाळेत सांगितली होती. आईविषयी मी कोणाला काही बोललो नाही; तिलाही नाही. ते देणे आता कोणाला फेडायचे? म्हणून रविवारी ऋणाचे ते मागणे आले, की माझा आवाज अजूनही थोडा खाली जातो. शेजारी उभा असलेला धाकटा मग जरा मोठ्याने म्हणतो, आणि आम्ही पुढे जातो.